पॉटच्या पाठीवरचा जोड

थोरल्याने गिटारची पेटी काउंटरवर आदळली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "टोनची वायरिंग बदलायची आहे. जुना कपॅसिटर काढ, लहान घाल. शुक्रवारी रेकॉर्डिंग आहे."

"गावातले बाकीचे मेकॅनिक मेले का?"

"बाबांची वायरिंग त्यांना उलगडत नाही. नाहीतर तुझ्या हातात कोण देतंय."

हा माझा सख्खा भाऊ. बाबा गेले तो दिवस सोडला तर दोन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि कारण हीच गिटार. बाबांनी स्वतः बनवलेली. एकदा दुरुस्तीला दुकानात आली, परत गेली, आणि भर कार्यक्रमात तिचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायला लागला. टोनचं बटण कितीही फिरवा, ढिम्म. बँडने थोरल्याला नारळ दिला. तो तणतणत इथे आला तेव्हा बाबा गिटार घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दहा मिनिटांनी तिच्या पाठीवरचं झाकण घेऊन बाहेर आले. झाकणाच्या आत माझं नाव होतं.

आमच्या दुकानाची रीतच आहे ती. काम करणारा झाकणाच्या आत नाव आणि तारीख टाकतो, म्हणजे उद्या कुणाला धरायचं ते कळतं. मी म्हणाले, मी या गिटारला हात लावलेला नाही. थोरला म्हणाला, वर खोटंही बोलते. झाकण त्याने पाहिलं, माझ्या हाती कुणी दिलं नाही. बाबा खाली बघत म्हणाले, "तुझा हात स्थिर नाही, धाकटे. उद्यापासून नुसता काउंटर सांभाळ." थोरला गिटार तशीच, न दुरुस्त करता घेऊन गेला. बाबा असेपर्यंत मी सोल्डरिंगचं आयर्न हातात धरलं नाही. आता दुकान मीच चालवते, पण बारीक काम आलं की माझी आईच गिऱ्हाइकाला सांगते, दुसरीकडे न्या.

"थांब इथेच," मी थोरल्याला म्हटलं. "तुझ्यासमोर उघडते. नंतर माझ्या नावाने ओरडायचं नाही."

"थांबणारच आहे. एकदा पोळलोय."

स्क्रू काढले, झाकण उलटं केलं. 'धाकटी', खाली तारीख.

"बघ," तो म्हणाला. "आता बोल."

नाव पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मी आयुष्यात झाकणावर पेन्सिलीने लिहिलेलं नाही, पुसतं म्हणून खिळ्याने कोरते. कानावर पेन्सिल खोचून फिरायचे ते बाबा. मी दिवा खाली ओढला. कपॅसिटरचा एक पाय टोनच्या पॉटच्या, म्हणजे बटणाखालच्या त्या गोल डबीच्या, पिनेवर जोडायचा असतो. इथे तो सरळ डबीच्या पाठीवर जोडला होता. सगळा तीक्ष्ण आवाज थेट अर्थिंगमध्ये जात होता, मग बटण फिरवून काय होणार? एवढी ढोबळ चूक ज्याला पिनच दिसत नाही तोच करेल. आणि दुरुस्तीत घातलेल्या त्याच कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकाला तारेचे तीन वेढे होते. तीन वेढे फक्त बाबा घालायचे. मी दोन घालते, त्यावरून रोज बोलणी खायचे.

"दादा, वेढे मोज."

तो वाकला. मोजले. मग मी न सांगताच त्याने झाकण उजेडात धरलं आणि अक्षर बघत राहिला; तेव्हा रागात त्याने नुसतं नाव वाचलं होतं. बापाचं अक्षर कुणाला ओळखू येत नाही?

"त्यांना दिसत नव्हतं," तो पुटपुटला. "आपल्याला सांगितलं नाही."

"नीट ऐकूही येत नव्हतं. वाजवून बघितल्याशिवाय त्यांनी कधी गिटार दिली का? त्यांना तो आवाज ठीकच वाटला असणार. नंतर उघडून बघितलं, चूक बोटांना कळली, आणि माझं नाव लिहिलं."

दोन वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या, आणि खऱ्याच्या फोटोवरची धूळ रोज सकाळी पुसली.

"पुसून टाक ते," थोरला म्हणाला. "गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं?"

"माझं उकरताना तुला हा प्रश्न पडला नाही."

मी आयर्न तापवलं, जुना जोड उचकटला, लहान कपॅसिटर पिनेवर लावला. दोन वेढे. मग खिळा घेऊन बाबांच्या पेन्सिलीखाली माझं नाव आणि आजची तारीख कोरली. वरच्याला हात लावला नाही.

थोरल्याने तार छेडली. आवाज खणखणीत आला, बटण फिरवलं तसा हळूहळू मऊ झाला.

"छान झालंय," तो म्हणाला. "बाबा असते तर—"

"तर त्यांना फरक कळला नसता." मी झाकण बसवलं नाही, त्याच्या हातात दिलं. "हे आधी आईला दाखव. दोन्ही नावं. मग ये, स्क्रू लावून देते."

स्क्रू मी मुठीत ठेवले.