भरून काढलेले गाल

त्या गल्लीत त्यांना सगळे फोटोवाले म्हणत. दुकान छोटंसंच. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, दिवे, एक गोल स्टूल, आणि पडद्याच्या पलीकडे कॉम्प्युटर. कुणाचा मुरूम पुसायचा, कुणाचं टक्कल थोडं झाकायचं, कुणाचा मिटलेला डोळा दुसऱ्या फोटोतून आणून उघडायचा, हे त्यांचं रोजचं काम. गिऱ्हाईक फोटो बघून खूश झालं की फोटोवाले म्हणायचे, "मी काही केलं नाही, तुम्ही आहातच तसे." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते खोटं आहे याची त्यांना आठवणही राहिली नव्हती.

त्यांची बायको बालवाडीत शिकवायची. पोरं 'बाई' म्हणायची म्हणून फोटोवाल्यांनीही चेष्टेने बाई म्हणायला सुरुवात केली, आणि घरात तेच नाव पडलं.

दोघांनाही एचआयव्ही होता. आधी तो फोटोवाल्यांना झाला, लग्नाआधीच्या फिरतीच्या नोकरीत, आणि त्यांच्याकडून बाईंकडे आला. हे कळलं त्या दिवशी बाई पोटभर रडल्या. पुढे त्यांनी कधी तो विषय काढला नाही. त्या भांडल्या असत्या, चार शब्द ऐकवले असते, तर फोटोवाल्यांना ते सोपं गेलं असतं. बाई मात्र वेळेवर गोळ्या घ्यायच्या आणि यांनाही आठवण करायच्या.

सुरुवातीच्या गोळ्यांनी फोटोवाल्यांचं रक्त कमी व्हायला लागलं, म्हणून त्यांच्या गोळ्या लवकर बदलल्या. बाईंची काही तक्रार नव्हती, त्यामुळे त्यांच्या जुन्याच चालू राहिल्या. काही वर्षांनी बाईंचे गाल बसायला लागले. हातापायांवरचं मांस उतरत गेलं आणि शिरा वर आल्या. पोट तेवढं सुटलं, आणि मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये, छोटी उशी ठेवावी तसा उंचवटा आला. दवाखान्यात दर वेळी वजन करत. इथलं गेलं आणि तिथं आलं, त्यामुळे काटा तिथल्या तिथे. वजन ठीक आहे म्हणून जुने डॉक्टर पुढचा पेशंट बोलवायचे.

बालवाडीतल्या एका चिमुरडीने बाईंच्या हातावरच्या शिरेवर बोट फिरवत विचारलं होतं, बाई, तुमच्या हातात दोऱ्या कुणी घातल्या? एकदा बसमध्ये एका बाईने पोटाकडे बघून उठून जागा दिली. हे दोन्ही किस्से बाईंनी घरी हसत हसत सांगितले. फोटोवालेही हसले, आणि मग उगीचच उठून अंगणातल्या नळावर तोंड धुऊन आले.

त्यांना सगळं दिसत होतं. चेहऱ्यांवरच पोट भरणारा माणूस; त्यांना नाही दिसणार तर कुणाला? पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं की हे आपण केलं, एवढंच मनात यायचं, आणि नजर आपोआप दुसरीकडे जायची. तो चेहरा ते नीट बघायचे ते फक्त पडद्यावर. तिथे मात्र काही करता येत होतं. बाईंचा पहिला असा फोटो समोर आला तेव्हा त्यांनी हाडाखालची सावली थोडी उजळली. गाल भरला. पुढच्या फोटोत आणखी थोडा भरावा लागला. मग मानेमागचा उंचवटाही गेला.

गेल्या वर्षी बाईंच्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या, मुलीचं लग्न झालं. तिथला सगळ्या घराचा एकत्र फोटो फोटोवाल्यांनी असाच नीट केला. एक प्रत ताईंच्या भिंतीवर लागली, एक यांच्या. बाई त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. आरशात हल्ली आपण फार खराब दिसतो असं वाटायचं, पण तसं काही नाही म्हणायचं, असं त्या म्हणाल्या. फोटोवाले म्हणाले, "तू आहेसच तशी."

जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काट्याआधी बाईंकडे बघितलं. बाह्या वर करायला लावल्या, दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली, कमरेला टेप लावली, मानेमागे हात फिरवला. चेहऱ्यात हा फरक कधीपासून, असं विचारलं. बाईंना सांगता येईना. रोज आरशात बघणाऱ्याला काय कळणार? मग डॉक्टरीणबाईंनी फोटोवाल्यांना विचारलं.

"तसं लक्षात नाही आलं," फोटोवाले म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पुढच्या वेळी जुने फोटो घेऊन या, जमलं तर प्रत्येक वर्षाचा एकेक. बदल किती आणि किती वेगाने झाला ते त्यावरून कळतं. बाई खुलल्या. आमच्याकडे फोटोंना काय तोटा, यांचा धंदाच तो, असं म्हणाल्या.

बाईंनी स्वतः बसून फोटो निवडले आणि पाकिटात घातले. फोटोवाले शेजारी चहा पीत होते. बोलायला ती वेळ चांगली होती. त्यांनी चहा संपवला आणि कप विसळायला उठले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो टेबलावर ओळीने मांडले. पहिल्यापासून शेवटपर्यंत गाल भरलेले. लग्नातल्या फोटोत तर बाई नवरीच्या मावशीऐवजी बहीण शोभल्या असत्या. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. जुन्या गोळ्यांनी चरबी अशी उतरते खरी, पण ती हळूहळू, काही वर्षांत उतरते, त्यांनी समजावलं. हे सगळं वर्षभरात झालं असेल तर दुसरं काहीतरी शोधायला हवं. मग त्यांनी विचारलं, गोळ्या मध्ये चुकतात का. बाई नाही म्हणाल्या. त्यांनी वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं. बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तापात, प्रवासात, वडील गेले त्या दिवशीसुद्धा त्यांनी गोळी चुकवली नव्हती. फोटोवाले शेजारच्या खुर्चीवर आपल्या चपलांकडे बघत बसले होते.

तपासण्या सुरू झाल्या. छातीचा एक्स-रे, रक्त, पोटाची सोनोग्राफी. कशात काही सापडेना, तसा बाईंचा जीव आणखीच टांगणीला लागला. सापडत नाही म्हणजे खोलवर कुठेतरी आहे, अशी त्यांनी मनाशी गाठ बांधली. शेवटी घशातून नळी घालून पोट आतून बघायचं ठरलं.

आदल्या दिवशी फोटोवाले दुकानातून घरी आले तेव्हा बाई आतल्या खोलीत फोनवर ताईंशी बोलत होत्या. आवाज शांत होता. यांच्या जेवणाखाण्याकडे लक्ष ठेव, स्वतःहून मागणारा माणूस नाही, असं त्या सांगत होत्या. फोटोवाले दारातच थांबले. चप्पलही न काढता ते उलट्या पावली दुकानात गेले. कॉम्प्युटर लावला. मूळ फोटो सगळे जागच्या जागी होते. फोटोवाले कुणाचेच मूळ फोटो टाकून देत नसत. त्यांनी ते एकामागून एक उघडले आणि पहिल्यांदाच बाईंचा चेहरा वर्षावर्षाने उतरताना सलग बघितला. मग तसेच्या तसे छापले.

तरीही घरी गेल्यावर ते बोलले नाहीत. पाकीट शर्टाच्या आत होतं, जेवतानाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीच्या तपासणीच्या खोलीबाहेर दोघं बाकावर बसले होते. बाई उपाशीपोटी, हातात रुमाल चुरगळत. नर्सने दार उघडून यायला सांगितलं. बाई उठल्या तसा फोटोवाल्यांनी त्यांचा हात धरला.

"थांब. तुला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण वर्षभरात नाही. ते फोटो मी नीट केले होते."

बाईंना क्षणभर कळलंच नाही. फोटोवाल्यांनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. बाईंनी एकेक फोटो बघितला. लग्नाच्या फोटोपाशी हात थांबला.

"म्हणजे लग्नातही मी अशीच दिसत होते?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं," फोटोवाले म्हणाले, आणि म्हणता म्हणताच हेही पूर्ण खरं नाही हे त्यांना जाणवलं. "मला बघवत नव्हतं."

बाईंनी फोटो परत पाकिटात घातले. नर्स दारात ताटकळत उभी होती.

"मी गोळ्या चुकवते असं त्या म्हणाल्या," बाई म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

बाई पाकीट घेऊन एकट्याच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनाही आत बोलावलं. टेबलावर खरे फोटो मांडलेले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोट ठेवत बाईंना दाखवलं, इथे गाल उतरायला लागले, इथे मानेमागे आलं. सगळं जुन्या गोळ्यांशी जुळतं. नळी घालायची गरज नाही, गोळ्या आजच बदलू. मग त्यांनी बाईंची माफी मागितली. गोळ्यांवरून तसं विचारायला नको होतं, म्हणाल्या. फोटोवाल्यांना त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं." आवाज चढला नव्हता. फोटोवाल्यांना मान वर करता आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी खरं काय ते आधीच सांगून टाकलं. नव्या गोळ्यांनी उतरणं थांबेल. उतरलेलं काही प्रमाणात परत येईल, पण सावकाश, आणि कदाचित सगळं येणार नाही. याच गोळ्या काही वर्षं आधी बदलल्या असत्या तर, असं बाईंनी विचारलं. इतकं गेलं नसतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी येताना बसमध्ये दोघं वेगवेगळ्या सीटवर बसले. जागा नव्हती म्हणून नाही. पुढचे बरेच दिवस बाई कामापुरतंच बोलायच्या. भाजी काय आणू, किल्ली कुठे ठेवलीत. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या, "आजार दिलात त्याचा मी राग धरला नाही. कळून कुणी देत नाही. पण हे तुम्ही कळून केलंत. राग आहे मला. जाईल तेव्हा जाईल." फोटोवाल्यांनी मान हलवली आणि समोरची चादर घडीला धरली. बाईंनी दुसरं टोक धरलं.

ताईंच्या भिंतीवरचा फोटो बदलायला बाई स्वतः गेल्या. ताईंनी जुना चांगला होता की, असं म्हटलं. बाई म्हणाल्या, हो, पण त्यात मी नव्हते.

नव्या गोळ्यांवर सहा महिने झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा टेप लावली, दंड बघितले, नवा फोटो जुन्याशेजारी ठेवला. गाल होते तसेच होते, पण आणखी खोल गेले नव्हते. हे चांगलं आहे, त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर बाईंना भूक लागली. समोरच्या हॉटेलात दोघं खिडकीजवळ बसले. काचेतून ऊन सरळ बाईंच्या तोंडावर पडत होतं, आणि फोटोवाले बघत राहिले.

"काय बघताय?"

काही नाही, असं ते म्हणणार होते.

"गाल," ते म्हणाले.

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि ताट त्यांच्या बाजूला सरकवलं.

"खा आता. गार होतंय."