जास्तीची जाळी

तीस वरीस मळणी मशीनवर काढल्याला माणूस म्या. वडूजच्या आसपास शाळूची मळणी म्हटली की लोक जोतीरामला हाक मारायचे. शाळा चौथीपतूर, ती बी निम्मी गुरांमागं. पर पट्टा कुठं घसरतोय, पात्याला कणीस कुठं आडकलंय, नुसत्या आवाजावर सांगायचो. म्हणून सांगतो, ज्याला आपल्याला मशीन कळतं आसं वाटतंय, त्येनं घरातलं मशीन घ्यायला जाऊ नये.

आमची मनुबाई दिवाळीपासनं सांगलीला पोरीकडं हुती. छातीचं दुखणं. जिना चढली की दम, बोलली की दम, शेवटी शेवटी तर भाकरी थापताना बी तिला मधी बसाय लागायचं. स्वप्नालीनं, म्हंजी आमच्या पोरीनं, तिकडच्या डाक्टरला दाखवलं. त्यो छातीचा फोटो उजेडाला धरून म्हणाला, "मावशी, धुळीत काम केलंय का?"

मनुबाई म्हणाली, "मशीनवर हुते. ह्यास्नीच इचारा."

त्येनं माझ्याकडं बघितलं. म्या छताकडं बघितलं.

तीस वरीस कणसं घालायला तीच उभी असायची, मशीनच्या तोंडाशी. एक पदर नाकाला, दोन हातात कणसं. मागनं भुसा उडायचा, कणसाची खाजरी कूस उडायची, संध्याकाळी बाईमाणूस वळखू येत नसायचं. मशीनला भुसा आडवायला जाळीची एक पेटी यायची कंपनीकडनं. ती तासातासाला तुंबायची, मशीनची वढ कमी व्हायची, आन खळ्यावर धा माणसं बसून ऱ्हायची. म्हणून म्या ती काढून ठेवायचो. सगळेच काढायचे. लोक म्हणायचे, जोतीरामच्या मशीनची वढ लय भारी. तिला फडकं बांध म्हणून म्या कवा म्हणालो न्हाई. सुचलंच न्हाई गड्या, काय सांगू.

तर तिला घरी याचं हुतं. पोरीचं घर चांगलं, जावई चांगला, पर तिसरा मजला. फोनवर म्हणायची, "खिडकीतनं काय दिसतंय तर दुसऱ्याची खिडकी. तिथली बाई बी माझ्याकडंच बघत बसतीया."

म्या म्हणायचो, "मग बोलत जा की तिच्यासंगं."

"काय बोलू? तिला बी दम लागतोय."

डाक्टर म्हणाला, घरी न्या, पर एका अटीवर. केरसुणी बंद. घरात धूळ उडता कामा न्हाई, वढून घेणारं मशीन आणा. संक्रांतीला न्यायचं ठरलं. मनुबाईनं त्याच दिवशी पिशवी भरून दाराशी ठेवली. संक्रांतीला आजून धा दिवस हुते.

म्या यष्टीनं सांगलीला ग्येलो. स्वप्नाली मला एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथली पोरगी प्रियदर्शनी, जतकडची. गळ्यात नावाची पाटी, बोलायला लय गोड.

"काका, कशासाठी पाहिजे? गालिच्यासाठी, सोफ्यासाठी, का गाडीसाठी?"

"बायकोसाठी," म्या म्हणालो.

स्वप्नाली म्हणाली, "आबा, लोक बघत्यात."

"बघू देत की. खोटं हाय का?"

पोरीनं दोन मशीनी पुढं वढल्या. एक बारकं, पांढरं, सशागत. ते चालू केलं तर आवाजच न्हाई. दुसरं पिंपागत, चाकाचं, काळी नळी, मागं तोंड. म्हणाली, "हे सगळ्या कामाचं. सुकी धूळ ओढतं, सांडलेलं पाणी ओढतं, आणि नळी मागं लावली की फुंकतं पण. मोटर मोठी आहे."

"तीन कामाचा गडी एकबी काम धड करत न्हाई, बाई."

ती हसली. "आणि हे लहान, याच्यात हेपा फिल्टर आहे. आतनं पक्का बंद. श्वासाचा त्रास असलेल्या घरात आम्ही हेच देतो."

"हेपा म्हंजी?"

"डोळ्याला दिसत नाही ती धूळ पण अडवतो."

"दिसत न्हाई तर आडवला का न्हाई कसं कळणार? हेलपाटा म्हण की सरळ."

स्वप्नाली म्हणाली, "आबा, हेच बारकं घेऊया. ती पोरगी आईसारख्यांसाठीच म्हणतीया."

म्या बारक्याच्या नळीला तळहात लावला. नुसतं गुदगुली केल्यागत. पिंपाला लावला, तर हात असा चिकटला की सोडवायला दुसरा हात लागला. म्या तिथंच ठरवलं. वढ पाहिजे. आमचं घर काय फ्लॅट न्हाई. शहाबादी फरशी, मातीच्या भिंती, वर कौलं, वारं सुटलं की रानातलं निम्मं ढेकूळ चुलीपाशी. तिथं गुदगुल्या करून काय हुतंय?

"पिंप बांध," म्या म्हणालो.

"काका, याला पण आत फिल्टर आहे. काढता येतो, धुता येतो. पण त्याच्याशिवाय चालवायचं नाही हां."

"व्हय व्हय."

कंपनीची माणसं मळणी मशीनला बी आसंच म्हणायची.

घरी आणलं. शेजारची धोंडुबाई बघायला आली. कमरंवर हात ठेवून म्हणाली, "भावजी, ह्यात दळाण बी हुतंय का?"

"तुला बसवून बघू का आत?"

पयल्या दिवशी लय भारी चाललं. कोपऱ्यातलं, पेटीखालचं, तिनं सासरी आणल्याल्या पाटीमागचं, सगळं वढलं. दुसऱ्या दिवशी आवाज बदलला. बारीक झाला, रडवा झाला. म्या कानानं वळखलं, तुंबलंय. झाकण काढलं. आत पांढरी, घड्या घड्यांची गोल जाळी, सगळी मातीनं लिपल्याली. झटकली, धुतली, वाळवली, बसवली. तासाभरात पुन्हा तेच.

मग म्या काय केलं, ते तुमच्या ध्यानात आलंच आसंल. जाळी काढली, धुऊन भिंतीतल्या देवळीत ठेवली, आन मशीन तसंच चालू केलं.

गड्या, काय वढ. चटईच्या काड्या उभ्या ऱ्हायल्या. संक्रांतीपतूर सकाळ संध्याकाळ फिरवत हुतो. भिंती, फळ्या, भांड्यांची मांडणी. फरशीत तोंड दिसायला लागलं. धोंडुबाई दारातच चपला काढायला लागली, लगीन झाल्यापासनं पयल्यांदा.

संक्रांतीला मनुबाईला आणली. जीपमधनं उतरली, उंबऱ्यावर थांबली. मला वाटलं दम लागला. तर ती बघत हुती. बघून झाल्यावर म्हणाली, "आवं, हे घर आपलंच न्हवं?"

"हळदीकुंकवाला बोलवायचं तर बोलाव गावाला."

"एवढं येतंय तुमाला, तर तीस वरीस कुठं हुता?"

हसली. हसताना खोकली, पर हसली. फरशीवर तळहात फिरवला आन हात उलटा करून मला दाखवला. काय न्हाई. धुतल्यागत हात. त्या दिवशी मला वाटलं, फिटलं. काय फिटलं ते म्या बोललो न्हाई, तिनं बी इचारलं न्हाई.

देवळीतली जाळी तिला दिसली. "हे काय वो? चहाच्या गाळणीगत?"

"काय न्हाई. जास्तीची हाय."

तिनं ती पुसली, आन तिच्यावर तिळाच्या वड्यांची ताटली ठेवली. उंच जागा झाली ना, मुंग्या येत न्हाईत म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला. म्या म्हणालो, परवासाचं हाय. तिसऱ्या दिवशी चालताना भिंत धरायला लागली. म्या म्हणालो, थंडीचं हाय. आन थंडीचं म्हणून दारं खिडक्या लावल्या, आन धूळ नको म्हणून मशीन दोनदा फिरवायचं ते चारदा फिरवायला लागलो. ती खाटंवर बसल्याली, म्या तिच्या खाटंखाली नळी घालतोय. ती हातानं खुणावती, ऱ्हाऊ द्या. म्या म्हणतोय, "तू गप. डाक्टरनं सांगितलंय."

पाचव्या दिवशी सकाळी उन्हं वर आली. आमच्या कौलात मधी एक काचंचं कौल हाय, उजेडाला. त्यातनं उन्हाचा पट्टा सरळ खाली पडला, मशीनच्या मागं. म्या नळी फिरवत हुतो आन सहज मागं वळून बघितलं.

मशीनच्या मागच्या तोंडातनं धूर यीत हुता. मला वाटलं मोटर जळाली. हात नेला तर धूर न्हवता. पीठ. पिठाहून बारीक. उन्हाच्या पट्ट्यात वर चढत हुतं, पसरत हुतं, आन त्या पट्ट्याच्या पलीकडं मनुबाई तोंड उघडं टाकून बसली हुती, तळ्यातनं काढल्याल्या माशागत. पट्ट्याच्या बाहीर कायबी दिसत न्हवतं. घर लखलखीत.

मशीन बंद केलं. तरी ते पीठ खाली यीना.

ती माझ्याकडं बघत हुती. मग देवळीकडं बघितलं. ताटलीखालच्या जाळीकडं. ती बी मशीनवरचीच बाई. तिला सांगावं लागलं न्हाई.

"ती जास्तीची न्हवती व्हय," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला तीनदा थांबायला लागलं.

जीप केली. सांगलीपतूर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुती. म्या तिचा श्वास मोजत ऱ्हायलो, दुसरं काय करणार. दवाखान्यात नाकाला नळ्या लावल्या. डाक्टरनं मला बाजूला घेतलं.

"आजोबा, मशीन आणलं नव्हतं का?"

"आणलंय की. मोठं."

"मग फिल्टर?"

"काढून ठेवला हुता."

"का?"

काय सांगू त्येला? म्हणालो, "वढ कमी हुती."

रागावला आसता तर बरं वाटलं आसतं. त्येनं खुर्ची दिली मला बसायला.

पंधरा दिवसांनी ती पोरीकडं आली. आता तिला कायमचं हवंचं मशीन लागतंय, इजंवर चालणारं, रातदिस. आमच्या गावाला इज निम्मा दिवस नसती. डाक्टर म्हणाला, दवाखान्यापासनं लांब न्यायचं न्हाई, आता त्या घरी तर न्हाईच. स्वप्नालीनं जीपमधनं माघारी आल्याली ती पिशवी उचलली, त्यातली लुगडी काढली आन कपाटात लावली. एकेक, घडी घालून. पिशवी रिकामी झाल्यावर ती बी घडी घालून ठेवली.

म्या निघताना मनुबाईपाशी ग्येलो. नाकात नळ्या, शेजारी मशीन घुमतंय. म्हणालो, "मने, चुकलं माझं."

तिनं डोळं मिटलं. मग उघडलं. म्हणाली, "आजचं का तवाचं?"

तिनं हात हलवला, जा, यष्टी चुकंल.

हे झालं माघातलं. आता रानातला शाळू निघालाय. वडूजच्या रस्त्यानं जावा, दोन्ही अंगाला मशीनी लागल्यात, वर भुशाचे ढग. मला बोलवायला आलं हुतं. म्या नको म्हणालो.

काल जाळी बसवली. ताटली उतरवली, तिळाचं दाणं चिकटलं हुतं ते नखानं काढलं, आन जाळी जागच्या जागी बसवली. घर झाडायला घेतलं. कुणासाठी, इचारू नका. घंटाभर फिरवलं, आवाज रडवा झाला, तवा काढून बघितलं. पांढरी जाळी काळी झाल्याली, घडीघडीत माती. त्यात पिवळसर कूस बी हुती, शाळूची. खिडकीतनं आल्याली आसंल. का जुनीच हुती, भिंतीच्या भेगंतली, मला काय म्हाईत.

जाळी धुतली. वाळायला ठेवली. वाळली तशी बसवली. पुन्हा मशीन चालू केलं. माझं आता हेच काम हाय.

तेवढ्यात फोन वाजला. स्वप्नाली. मशीनच्या आवाजात ऐकू यीना, तरी बंद न करताच फोन घेतला.

"आबा, आई इचारतीया, मागं आवाज कसला? मळणी लागली का म्हणतीया."

म्या मशीनकडं बघितलं. म्हणालो, "व्हय. लागली म्हण."

पलीकडं कुजबुज झाली. हवंच्या मशीनची घुमघुम ऐकू आली, मग थांबत थांबत तिचं बोलणं, मग पोरीचं.

"आई म्हणतीया, तोंडाला फडकं बांधा."

"बरं," म्या म्हणालो.

फोन ठेवला. खुंटीवरचं फडकं घेतलं, नाकातोंडाला बांधलं, मागं गाठ मारली. तिच्या पदराचंच फाडल्यालं हुतं ते, आन त्याला आजून तिच्या डोक्याच्या तेलाचा वास हुता. मग नळी उचलली आन रिकाम्या खाटंखालनं सुरवात केली.