भागोजीचं टमरेल

"बस रे भागोजी, सोडतो." भिकूनं मोटरसायकल अगदी त्याच्या पायाशी आणून उभी केली.

"न्हाय रे, चालतोय."

"चालतोयस ते दिसतंय मला. बस ना!"

"चालायलाच निगालोय."

"कुठं पण?"

इथं भागोजी अडला. 'कुठंच नाही' हे उत्तर रेवसच्या रस्त्यावर खपत नाही. संध्याकाळी ओळखीचा माणूस पायी दिसला की त्याला गाडीवर घ्यायचं, ही इकडची रीत. नाही म्हणाल, तर समोरच्याला वाटतं, याचं आपल्याशी काहीतरी बिनसलंय. भिकूचा चेहरा पडायला लागला, तसा भागोजी निमूट मागं बसला. आणि भिकूनं त्याला मोठ्या प्रेमानं नेऊन उतरवलं कुठं, तर देशी दारूच्या दुकानासमोर! बिचाऱ्या भिकूला वाटलं, ह्या वेळेला हा दुसरीकडं कुठं जाणार? भागोजी उतरला, तोंड फिरवलं आणि जवळजवळ पळतच घरी आला.

भागोजी जेटीवर मिनिडोर रिक्षा चालवायचा. दिवसा हातात गाडी, दिवस मावळला की ग्लास. बायकोनं, कोकिळानं, खूप वर्षं सोसलं आणि मग एकदाच सांगितलं, "आता एक थेंब जरी घेतलात, तर मी माणगावला भावाकडं. न्यायला येऊ नका, मी यायची न्हाय." कोकिळा बोलली की बोलली. भागोजीची पाचावर धारण बसली. तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. निघताना तिथल्या प्राप्तीमॅडमनी बजावलं होतं, "तलफ येणारच. आली की बसून राहायचं नाही. घाम फुटेस्तोवर चालायचं."

आणि खरं सांगायचं, तर बाई खोटं बोलल्या नव्हत्या. ज्या दिवशी मनासारखं चालणं होई, त्या दिवशी हातांची थरथर थांबे, भाकरी गोड लागे, झोपही लागे. पण गाव चालू देईल तर ना! मास्तर स्कूटर थांबवत. पूजेला निघालेले भटजी थांबत. कुणी हळूच विचारी, "मिनिडोर विकलीस काय रे?"

शेवटी भागोजीनं डोकं लढवलं. हातात टमरेल घेऊन परसाकडं निघालेल्या माणसाला कुणी हटकत नाही, बोलत नाही आणि गाडीवर तर मुळीच घेत नाही. त्यानं बाजारातून नवंकोरं टमरेल आणलं, पाण्यानं भरलं आणि खाडीच्या बांधानं निघाला. काय तो आराम! भिकू समोरून आला आणि चक्क मान वळवून निघून गेला.

झकास चाललं होतं. पण गाव हागणदारीमुक्त झालेलं, पंचायतीच्या दारात तसा फलक लागलेला, आणि त्या फलकाची सगळी काळजी बाळाजी मेंबरला. एका संध्याकाळी बाळाजी शिट्टी फुंकत बांधावर आडवा आला. मागं चार-पाच माणसं.

"भागोजी, घरात संडास असून? लाज न्हाय वाटत?"

"मी त्याच्यासाठी न्हाय आलो."

"मग टमरेल कशाला? तुळशीला पाणी घालाया?"

"चालायला आलोय."

माणसं खो खो हसली. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "अरे, खाडीच्या पल्याड हातभट्टी हाय. टमरेलातनं दारू आणतोय हा!" हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. लगेच कुणीतरी धावत जाऊन कोकिळाला सांगून आलं. गावात असल्या कामाला माणूस कधी कमी पडत नाही.

कोकिळा आली. तिचा चेहरा बघूनच भागोजी काय ते समजला. मेंबरचं त्याला काही नव्हतं. ही मात्र उद्या सकाळी माणगावची एसटी धरणार! काय करावं सुचेना, तेव्हा त्यानं टमरेल तोंडाला लावलं आणि घटाघटा रिकामं केलं.

"शी शी शी!" बाळाजी दोन पावलं मागं सरला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, पुरावा प्याला हा!"

"पाणी हाय!" भागोजी ओरडला. शर्ट भिजला होता, आवाज फाटला होता. "निस्तं पाणी! टमरेल नवं हाय! दारू सुटावी म्हणून चालतो मी. तुमी चालू देत न्हाय, म्हणून हे घेऊन फिरतो. तलफ येते मला. अजून रोज येते. चालतो, तवा कुठं घरात पाय टाकता येतो."

कोकिळा पुढं झाली. चारचौघांत तिनं नवऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि वास घेतला. मग वळून म्हणाली, "पाणीच हाय, मेंबर. जावा आता घरी."

माणसं पांगली. "चला," ती म्हणाली.

भागोजी घुटमळला. "अर्धा फेरा ऱ्हायलाय."

कोकिळानं त्याच्या हातातलं टमरेल काढून घेतलं.

"जावा मंग. उशीर झाला तरी चालंल."

दिवस मावळल्यावर बाहेर पडलेल्या नवऱ्याला ती हे उभ्या जन्मात म्हणाली नव्हती. भागोजी निघाला. हात मोकळे झाले होते, त्यांचं काय करावं ते त्याला कळेना. वळणावर त्यानं मागं पाहिलं. टमरेल सगळ्यांना दिसेल असं हातात धरून, मान ताठ ठेवून, कोकिळा भर गावातून घरी चालली होती.