दुसऱ्या आईचा रकाना

पिन एकाच पायानं कागदात शिरली होती. दुसरा पाय उघडा, वर वळलेला — पान उलटताना तो दर वेळी तेपाएरूच्या बोटाला लागत होता आणि दर वेळी तिला बरं वाटत होतं. चाळीस पानं, आणि धड टाचताही आली नाहीत त्याला! सकाळचं स्तोत्र वाचल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही हा तिचा नेम. आज स्तोत्र वाचतानाही ओठांवर शब्द होते आणि डोळ्यांपुढे क्रेगची मान, उन्हानं सोललेली, कोवळ्या डुकरासारखी... देवा, क्षमा कर. पण सोललेली होतीच.

ऑकलंडहून तो आठवडाभरासाठी या जन्मनोंदणी कचेरीत आला होता. त्याचं यंत्र जन्मनोंदीचा सगळा डेटाबेस चाळतं. कोणता रकाना कशाचा, कोणता कशाला जोडलेला, कोणता निरुपयोगी, ते ठरवतं. आणि ही पुस्तिका त्या निष्कर्षांचं काय करायचं ते सांगते. माणसांना नाही, एजंटांना — आपणहून काम उरकणाऱ्या संगणकी प्रोग्रामांना. ते वाचणार आणि वाचलं तसं करणार, कुणाला न विचारता. म्हणून बारा वाजेपर्यंत तेपाएरूनं सांगायचं होतं, पुस्तिका योग्य की अयोग्य. योग्य म्हटलं की सोमवारी एजंट आख्ख्या रारोटोंगा बेटाच्या नोंदींना हात घालणार होते.

तिनं लाल पेन्सिलीनं सत्तावीस चुका काढल्या होत्या. काही खऱ्या होत्या. काही — हा स्वल्पविराम इथे कशाला — नुसत्या चावा घ्यायला काढलेल्या.

पान एकतीस. ‘आई-२ हा रकाना शंभरातल्या सत्त्याण्णव नोंदींत रिकामा आहे. तो वापरात नसलेला समजावा. उरलेली नावं चुकून पडलेली समजून काढून टाकावीत.’

इथे पेन्सिल कागद फाडून गेली होती. चुकून! या बेटावर मूल पोसायला देतात — आजीला, बहिणीला, जिची कूस भरली नाही तिला — आणि त्यात चुकून काहीच नसतं. पोसणारी ती आई, जन्म देणारी ती आई-२. पण जमीन रक्तानं मिळते, मधुमेहही रक्तानंच मिळतो, आणि कुणी कुणाशी लग्न करायचं नाही हेही रक्तच सांगतं. ते एक नाव पुसलं की...

“आत्या, पाहुण्यानं तीन डोनट खाल्ले,” अर्ज घ्यायच्या खिडकीवरची नूरोआ आत डोकावली. “चौथ्याकडे बघतोय. अशा नजरेनं, की वापरात आहे की नाही!”

तेपाएरू हसली नाही. क्रेग मागोमाग आलाच, ओठांवर साखर घेऊन.

“एकतीस नंबरवर अडलीस म्हणे.”

“हे चूक आहे. इथे घराघरात पोसलेली मुलं आहेत.”

“घराघरात?” तो खुर्चीच्या पाठीवर रेलला. “मग आकड्यात का नाहीत? शंभरात तीन म्हणजे घराघरात होत नाही, तेपाएरू. यंत्र खोटं बोलत नाही. तुमच्याच कुणीतरी भरलंय ना हे? कारण लिही, मी आत्ता बदलतो. नुसतं ‘आमची रीत’ नको.” घड्याळ बघत तो गेला. “दोनचं विमान आहे माझं.”

तुमच्याच कुणीतरी.

बावीस वर्षांपूर्वी कागदी वह्या संगणकात चढवायचं काम एकाच मुलीकडे होतं. खोली हीच, पंखाही हाच. पहिली नोंद तिनं शोधून स्वतःचीच काढली होती — आई: जिनं पोसलं ती. आणि पुढे, दुसऱ्या आईच्या रकान्यात, शाईनं, स्वच्छ: तुआइने. तितिकावेका गावची तुआइने, जिला मी मावशी म्हणायचं असं ठरलं होतं, जी रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर तिच्या चार मुलांना घेऊन बसायची — ती चौघं तिनं कुणाला दिली नाहीत — आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसायची, जशी ती कुणाकडेही बघून हसते... मी तो रकाना रिकामा सोडला. मग वाटलं, एकटीचाच रिकामा दिसला तर कुणी विचारेल. म्हणून पुढच्या नोंदीतला सोडला. मग त्याच्या पुढचा. तीन महिने, जेवणाची सुट्टी सोडून, मी गावंच्या गावं सोडत गेले. उरलेली तीन टक्के नावं नंतरच्या जन्मांची, ती नूरोआनं भरली. तिला कुणी काही केलं नव्हतं.

पुढे चक्रीवादळात वह्यांचा लगदा झाला, आणि त्या दिवशी तेपाएरूनं उपास धरला होता... सगळ्यांना वाटलं, वह्यांसाठी.

पडद्यावर ‘अयोग्य’ या शब्दापुढे कारण लिहायची चौकट उघडी होती. कारण एकच होतं आणि ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ‘योग्य’ला चौकटच नव्हती, तिथे नुसतं बोट टेकवायचं.

अरोरांगीचा थोरला पोनिया — जन्म देणारी मेरे. त्याच्या शेजारची जुळी — दोन घरांत दिलेली, आई एकच, नगामेटुआ... तिनं न भरलेलं एकेक नाव आपोआप येत होतं, वहीतल्या क्रमानं, शाईच्या डागांसकट. ती काहीच विसरली नव्हती. पुसलेलं असं कधी नव्हतंच; ते सगळं बावीस वर्षं तिच्यात बसून होतं, चर्चमधल्या बाकांसारखं, रांगेनं — आणि सगळ्यांत पुढे ती, वळून बघणारी. तुआइने आता वळत नाही. मान वळवली की तिला चक्कर येते म्हणे.

“आत्या, पावणेबारा,” बाहेरून नूरोआ म्हणाली. “तो विचारतोय, झालं का?”

तेपाएरूनं क्रेगचा राग शोधला. त्याची मान आठवली, ओठांवरची साखर आठवली. सकाळपासून हाताशी असलेला राग, आणि आता जिथे ठेवला होता तिथे तो नव्हता. तिथे फक्त ते वाक्य होतं, पान एकतीसवरचं, तिच्याच हातचं वाटावं इतकं ओळखीचं. बिचाऱ्या यंत्रानं तर जे रिकामं दिसलं त्यालाच रिकामं म्हटलं होतं. तिनं पिनेच्या उघड्या पायावर बोट दाबलं. या वेळी बरं वाटलं नाही. चौकटीत कर्सरची काडी लुकलुकत होती, आणि ती त्या लुकलुकण्याच्या तालावर, आवाज न काढता, तुआइने हे नाव म्हणून बघत होती — मावशी हा शब्द न लावता. ते तोंडात अवघडलं. परक्या घरात पाय ठेवल्यासारखं... पण मागे फिरलं नाही.