बिनतेलाचं चाक

मोजणीदारांनी सायकल स्टँडवर चढवली, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि तर्जनी ओठांवर ठेवली.

"पाच मिनिटं. शब्द नाही."

"मी कुठं काय बोलले?" हॅलोबाई म्हणाल्या.

"हे काय, आत्ता बोललीस."

हॅलोबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. हे नाव त्यांना टेलिफोन एक्स्चेंजमुळे पडलं होतं. तिथं एकतीस वर्षं त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली होती. वादळात तारेतून नुसती खरखर यायची, तेव्हाही पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते त्यांना नेमकं कळायचं. अशी बाई पाच मिनिटं गप्प उभी राहते म्हणजे नवऱ्यावर उपकारच म्हणायचे.

ऊन राईच्या शेंड्यांवर पोचलं होतं, खाली अजून गारवा होता. इथल्या झाडांना पानांऐवजी सुया, आणि पायाखाली वर्षानुवर्षांच्या वाळलेल्या सुयांचा मऊ थर. मोजणीदार मान वर करून, डोळे मिटून ऐकत राहिले. वेळ संपली तसे त्यांनी डोळे उघडले आणि तक्त्यात चौथ्या थांब्यासमोर शून्य काढलं. वरच्या तीन ओळींतही शून्यच होतं. जन्मभर जमिनीचे नकाशे काढलेला हात, त्यामुळे चारही शून्यं मोठी सुबक होती. 

नोकरी संपली तरी त्यांची मोजायची खोड गेली नव्हती. मग जमिनीऐवजी ते पक्षी मोजू लागले, आणि तेही एकच: सोनशेंडी. हा पक्षी बघायचा नसतो, ऐकायचा असतो. वजन पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखर. डोक्यावर पिवळीधमक रेघ, पण ती दिसणार कुणाला? राहणार शेंड्यावर, सुयांच्या गर्दीत, आणि एका फांदीवर दोन क्षण ठरेल तर शपथ. दिवसभर मावा, कोळी, किड्यांची अंडी वेचत राहायचं, कारण एवढ्याशा देहात ऊब टिकत नाही; थंडीत अर्धा दिवस उपास घडला तर कारभार आटोपला. घरटं शेवाळाचं आणि कोळ्याच्या जाळ्याचं, फांदीच्या टोकाखाली लोंबणारं. पिल्लं वाढतात तसं ते घरटंही ताणत जातं, आणि त्या मूठभर घरात दहा-दहा पिल्लं नांदतात. मोजणीदारांनी हे सगळं घरात इतक्यांदा सांगितलं होतं, की हॅलोबाई शेजारणीला म्हणायच्या, "आमच्याकडे सवत आहे. पाच ग्रॅमची."

वनखात्याचा नियम साधा होता. ओळीनं तीन वर्षं सोनशेंडी आढळली नाही, तर राईचं राखीवपण संपणार आणि उत्तरेकडची अर्धी झाडं तोडीला जाणार. मागची दोन वर्षं मोजणीदारांनी स्वतःच्या हातानं शून्य लिहून दिलं होतं. सख्ख्या भावाच्या बांधाची मोजणी करतानाही त्यांनी फूटभर इकडचं तिकडे केलं नव्हतं, तर एका पक्ष्यासाठी कसं करतील? आजचं तिसरं वर्ष. शेवटच्या, सातव्या थांब्यावरही शून्य पडलं, की खाली सही त्यांचीच.

"चला," ते म्हणाले आणि त्यांनी सायकल स्टँडवरून उतरवली. गुडघा दुखत होता म्हणून ती काठीसारखी हातात धरून चालायची. गुडघ्यामुळेच डॉक्टरांनी एकट्यानं जायला मनाई केली होती, आणि म्हणून हॅलोबाई आयुष्यात पहिल्यांदा मोजणीला आल्या होत्या.

"चाक किती करकरतंय," त्या म्हणाल्या.

"काही करकरत नाही."

"तीन वर्षं सांगतेय मी. शिलाई मशीनचं तेल आणलंय पिशवीत, दोन थेंब सोडते."

"चाक ठणठणीत आहे. तुलाच भास होतात."

"मला भास होतात?"

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला भास होतात का?"

"मग तसं नीट मोठ्यानं बोल ना. हल्ली तू फार पुटपुटतेस."

एकतीस वर्षं अख्ख्या तालुक्याला जिचं बोलणं समजलं, ती बाई पुटपुटते! हॅलोबाईंनी उत्तर जिभेवर आणलं आणि तिथंच अडवलं. नवऱ्याचा चेहरा सकाळपासून उतरला होता. एरवी सोडलं नसतं, आज सोडलं.

पाचवा थांबा एका वठलेल्या बुंध्यापाशी होता. मोजणीदारांनी पुन्हा सायकल स्टँडवर चढवली, घड्याळ बघितलं, बोट ओठांवर नेलं. यावेळी हॅलोबाई सायकलच्या अगदी शेजारी उभ्या होत्या. स्टँडवर चढवताना मागचं चाक फिरलं होतं आणि करकरत होतं. मागच्या चारही थांब्यांवर हेच. हा माणूस डोळे मिटून पक्षी ऐकतोय, आणि स्वतःचं चाक मधे किरकिर लावून बसलंय, याचं त्याला काहीच नाही. बोलायची बंदी होती, हात हलवायची नव्हती. त्यांनी हळूच वाकून टायरवर तळवा ठेवला. चाक थांबलं.

करकर थांबली नाही.

हॅलोबाईंनी चाकाकडे बघितलं. पुढचं चाक तर जमिनीवर होतं. त्यांनी मान तिरकी केली, एक्स्चेंजमध्ये करायच्या तशी, आणि खरखर बाजूला सारून आवाजाचं टोक धरलं.

"अहो."

मोजणीदारांनी डोळे न उघडता बोट आणखी घट्ट दाबलं.

"अहो, सायकल उभी आहे."

"अगं, तीनच मिनिटं झालीत!"

"सायकल उभी आहे. मग करकरतंय कोण?"

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर आधी राग होता. "काय करकरतंय?"

"हे काय! ची-चिची, ची-चिची, ची-चिची, असं बारीक. बिनतेलाच्या चाकासारखं. आणि मग शेवटाला एक गिरकी घेतंय." त्यांनी बोट हवेत फिरवून गिरकी दाखवली. "बघा, घेतली."

मोजणीदार त्या बोटाकडे बघत राहिले. चाक कितीही करकरलं तरी शेवटाला गिरकी घेत नाही. ती गिरकी राईत एकाच जीवाची होती, आणि बायकोला घरटी, अंडी, पिल्लं सगळं सांगताना ती मात्र त्यांनी कधी सांगितली नव्हती. सांगून कळण्यासारखी ती नव्हतीच.

"कुठून येतंय?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

हॅलोबाईंनी झाड दाखवलं, मग फांदी. मोजणीदारांनी गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ नुसत्या सुया दिसल्या. मग एक सुई हलली आणि तिच्यामागून पाच ग्रॅमचा प्राणी बाहेर आला, पिवळी रेघ आणि टाचणीच्या डोक्याएवढा डोळा. त्यानं चोच उघडली. कंठ थरथरला, अंग सगळं हललं. मोजणीदारांना काहीही ऐकू आलं नाही.

"आत्ता गातोय?" त्यांनी विचारलं.

"तर! जिवाच्या आकांतानं."

दुर्बीण खाली करून ते बुंध्यावर टेकले. हॅलोबाईंना वाटलं, गुडघा गेला, आणि त्या धावल्या. पण मोजणीदार हसत होते. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग इतके की डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते बाहीनं पुसलं.

"अगं, पक्षी गेलाच नाही," ते म्हणाले. "माझे कान गेले! नुसते कान!"

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"मग रडू? तीन वर्षं मला वाटत होतं, राई गेली. कानांचं काय, म्हाताऱ्याचे जायचेच, आणि बारीक आवाज सगळ्यांत आधी."

आनंद असा, की तो माणूस आपल्या बहिरेपणाची बातमी पेढे वाटावेत तशी सांगत होता. हॅलोबाईंनाही हसू फुटलं. शेजारच्या झाडावर दुसरी करकर सुरू झाली होती. ती त्यांनी लगेच दाखवली.

मोजणीदारांनी तक्ता मांडीवर घेतला. चारही शून्यांवर एक-एक आडवी रेघ मारली, खोडरबर न वापरता, कारण शासकीय कागदावर खोडायचं नसतं. मग 'शेरा' या रकान्यात त्यांनी जपून लिहिलं: मागील दोन वर्षांची शून्ये पक्ष्याची नसून निरीक्षकाच्या कानांची आहेत. मोजणी पुन्हा, अन्य निरीक्षकामार्फत.

"अन्य म्हणजे कोण?" खांद्यावरून वाचत हॅलोबाई म्हणाल्या.

"दुसरं कोण आहे इथं?"

"माझा गुडघा चांगला आहे म्हणून गृहीत धरता होय? पहिल्या थांब्यापासून?"

"पहिल्यापासून. पण आधी ते तेल दे."

हॅलोबाईंनी पिशवीतून बाटली काढून दिली. मोजणीदार खाली बसले, दुखऱ्या गुडघ्यानिशी, आणि दोन्ही चाकांच्या आसात थेंब-थेंब तेल सोडलं. चाक हातानं फिरवून त्यांनी बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली: अजून. आणखी एक थेंब. पुन्हा बघितलं. आता झालं, असं तिनं हातानं सांगितलं. त्यांना आधी आणि नंतर यात काहीच फरक कळला नव्हता, पण त्यांनी बाटलीचं बूच लावलं.

परतीच्या वाटेवर सायकल ढकलत एक-दोनदा तोंडाशी आलेलं त्यांनी मागे घेतलं. पहिला थांबा दिसू लागला तेव्हा ते थांबले.

"या तीन वर्षांत तू अजून काय काय म्हणालीस?"

हॅलोबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. पुटपुटण्यावरचं उत्तर अजून जिभेवर होतं, ते त्यांनी आता कायमचं गिळून टाकलं.

"बरंच," त्या नीट मोठ्यानं म्हणाल्या. "घरी गेल्यावर सांगेन सगळं. पहिल्यापासून."

मग त्यांनी सायकल स्टँडवर लावायला हात दिला, नवऱ्याचं मनगट धरून घड्याळ आपल्याकडे वळवलं आणि तर्जनी ओठांवर ठेवली.

"पाच मिनिटं. शब्द नाही."

मोजणीदारांनी पेन्सिल काढली. यावेळी त्यांनी झाडांकडे बघितलं नाही की डोळेही मिटले नाहीत. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. तिची मान तिरकी झाली. तिनं एक बोट वर केलं, आणि थोड्या वेळानं दुसरं.