चौथी नळी

अपुरं काम टाकून गेलेल्या माणसाचा जीव त्या कामाभोवती घुटमळतो, असं म्हणतात. थोरल्याचा जीव मात्र हयातीतही कुठल्या कामात नव्हता. अपवाद या घड्याळाचा. लाकडी फळीवर काचेच्या तीन नळ्या त्याने बसवल्या, चौथी हातात घेतली आणि खुर्चीतच गेला. प्रत्येक नळीत शून्य ते नऊ असे तारेचे आकडे एकामागे एक उभे. वीज ज्याला मिळेल तो नारिंगी पेटायचा.

"हे घड्याळ चालू झालं तर खोली त्यांची म्हणून ठेवीन," वहिनी धाकट्याला म्हणाली. "नाहीतर भाडेकरू बघते."

घरच्या कटकटीतून सुटायला धाकट्याला तेवढी एकच खोली उरली होती. त्याने फळी पालथी घातली, नळीच्या कुठल्या पायाला कुठला आकडा ते दाखवणारी आकृती पुढ्यात ओढली. आकृती वरून काढलेली असणार, आपण बघतोय खालून. म्हणजे सगळं उलट जोडायला हवं, असा त्याने विचार केला. विचार करायची त्याला जुनी खोड होती.

"भावजी, हा धूर कसला?"

"तारा नळीला जोडायला डाख देतोय, वहिनी."

बटण दाबलं. पहिल्या तीन नळ्या बरोबर वेळ दाखवू लागल्या. चौथीत सहा पेटला. मिनिटभराने पाच. मग चार.

"हे उलटं मोजतंय," वहिनी पुटपुटली.

"मोजू दे."

"अहो, पण कशाला?"

धाकट्याचा हात प्लगकडे गेला.

"नको! त्यांना काही सांगायचं असेल."

जिवंतपणी थोरल्याने कुणाला काही सांगितल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं, त्यामुळे भीती जास्तच वाढली. तीन. दोन. वहिनीने खुर्चीची पाठ घट्ट धरली; मग ती कुणाची खुर्ची ते आठवून सोडली. एक. बाहेर अंधारलं होतं; खोलीत आता फक्त नळ्यांचा उजेड होता, आणि त्यात दोघांचे चेहरे भाजल्यासारखे दिसत होते.

शून्य.

धाकट्याने डोळे मिटले.

उघडले तेव्हा चौथ्या नळीत नऊ होता, आणि शेजारच्या नळीतला आकडा शहाण्यासारखा एकाने पुढे सरकला होता.

"झालं?" वहिनीने विचारलं.

"झालं."

"म्हणजे बिघडलंय."

आकृती मुळातच खालून काढलेली होती आणि आपण उलट जोडल्यामुळेच चौथीचे आकडे उलटे पेटत होते, हे धाकट्याला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर वहिनी भाडेकरूशी बोलून मोकळी झाली होती. घड्याळ खोलीतच राहिलं. भाडेकरू वेळ मोबाइलवर बघतो.