मोबाईलवर जळणारा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि स्वभावाने जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते ओळखण्याचे कष्ट तुम्हाला नकोत.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण आयुष्य गेले करडी गावात. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी सेवकराम नावाच्या तिथल्या शेतकऱ्याने मला भंडाऱ्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणले. धानाची रोवणी सुरू झाली तेव्हा सेल घालून त्याने मला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नेले. चिखलात वाकलेल्या बाया रोपे लावता लावता गात होत्या. पहिली ओळ सेवकरामच्या बायकोची, गीताबाईंची असे. ते सगळे गाणे मी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतले. गावभर माझे कौतुक झाले आणि माझ्या अंगावर विणलेला रुमाल आला.

त्यांची मुलगी रेणू याच गाण्यावर वाढली. अभ्यासाला बसताना हेच, वेणी घालताना हेच. एकदा फीत गुंतली, तर पोरीने पेन्सिलीने ती सगळी सोडवली आणि तोवर घास घेतला नाही. तेव्हा मला केवढा गर्व झाला होता!

पुढे ती भंडाऱ्याला कॉलेजात जाऊ लागली. एका रविवारी तिची मैत्रीण रीता घरी आली, हातात मोबाईल घेऊन. एवढासा, चपटा, आणि पोटात म्हणे पाचशे गाणी! रेणूने त्याला दोन्ही हातांनी धरले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तू कोणते गाणे आयकते वं?" रीताने विचारले.

रेणूने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "रिमिक्स. मले रिमिक्सच आवडते."

गीताबाई ताटात चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटले, आपल्या रोवणीच्या गाण्यालाच कॉलेजात रिमिक्स म्हणत असतील. "असं का? मंग थांब, पोरी, आयकवते तुले," असे म्हणून त्यांनी मोठ्या हौसेने माझे बटण दाबले.

गाणे सुरू झाले. रेणूचे कान लाल झाले. "ते आईचं हाय," ती घाईघाईने म्हणाली. "मी नाही आयकत."

गीताबाईंनी मला बंद केले. "हो, माह्यंच हाय," त्या म्हणाल्या आणि कप उचलू लागल्या. चहा अजून कुणी प्यायलेलाच नव्हता.

ते भरलेले कप रेणूला दिसले. ती उठली, माझ्याजवळ आली आणि तिने बटण दाबले.

"खोटं बोलली मी," ती रीताला म्हणाली. "रोज आयकते. मले हेच आवडते. हा माह्या आईचा आवाज हाय."

"मंग लपवून काहून राहिली होती वं?" रीता म्हणाली. "थांब, मोबाईलमंदी भरून घेतो आपण."

आणि तो चपटा माझ्या तोंडाशी आला! मनात आले, फीत चावून टाकावी. मला नाही, तर त्यालाही नाही. पण तेवढ्यात रेणू आईच्या आवाजात आवाज मिसळून गाऊ लागली आणि गीताबाईंनी ताट खाली ठेवले. माझ्याने फितीला दात लाववले नाहीत. गाणे शेवटपर्यंत नीट वाजवले मी.

आता फीत फिरवणारा माझा आतला पट्टा सैल झाला आहे. मी फडताळावर असतो, महिनोन्महिने कुणी धूळही पुसत नाही. गाणे मोबाईलमध्ये आहे. रेणू ते चारचौघांत बेधडक लावते आणि वाहवा मोबाईलला मिळते. मी जळतो. अजूनही जळतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर अधूनमधून फडके फिरवत जा. आणि कुणी तुमची आवड विचारली, तर खरी ती सांगा. ज्याला तुम्ही लाजून नाकारता, तो पुष्कळदा त्याच खोलीत हातात चहा घेऊन उभा असतो.